हरणीच्या पाठीवरची पावलं

यात्रा जवळ आली की आगळवाडीत सगळ्यांना हुरूप चढतो, आणि दगडाबाईला नुसती धाप लागते. लागणारच! देवाची घोडी बांधलेली तिच्या दारात. लीद तिनं काढायची, पाणी तिनं पाजायचं, खरारा तिनं करायचा, गोमाशा तिनं हाकलायच्या, आणि यात्रेदिवशी भंडारा उधळायला मात्र सगळं गाव पुढं. घोडी सांभाळायचा मान ह्या घराला पिढ्यान् पिढ्या आहे, असं लोक फार कौतुकानं सांगतात. सांगायला काय जातंय? मान घराचा आणि लीद दगडाबाईची, एवढं साधं आहे ते.

आगळवाडी सांगलीच्या पूर्वेला, जतच्या अंगाला. धनगरांचं गाव. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घालणारी माणसं; आता कॅनॉलचं पाणी आल्यापासून निम्मी द्राक्षाच्या बागेत औषध मारताना दिसतात. पण बिरोबा तोच आणि यात्राही तीच. चैत्रात मानाच्या घरची घोडी सजवायची, त्या घरच्या गड्यानं देवाची काठी हातात धरून वर बसायचं आणि ढोल-कैताळाच्या गजरात शीव फिरून देवळाच्या पायरीशी यायचं. पायरीशी देव घोडीत उतरतो. उतरतो म्हणजे काय, तर दगडाबाईचा नवरा अर्जुना बसायचा तेव्हा त्यांचं म्हातारं घोडं पायरीशी एकदा फुरफुरायचं, मान झटकायचं, की झालं! लोक हात जोडायचे, वरीस बरं जाणार म्हणायचे आणि जेवायला घरी जायचे.

अर्जुना गेला. त्याच्या मागोमाग ते घोडंही गेलं. मग गावानं वर्गणी काढून ही हरणी आणली. गडद तांबडी, सावलीत जवळजवळ काळी दिसणारी, आणि स्वभावानं इतकी गरीब की कोंबड्या तिच्या पायांत बसायच्या. आणि हरणीच्या पाठोपाठ आलं नवं खोगीर.

खोगीर दिलं आकाराम हवालदारानं. हा कडेगावचा उसाचा बागाईतदार, पलटणीत उमेदीची सगळी वर्षं काढून आलेला. त्याचा नातू जयराज तापानं फणफणून हातचा जायची वेळ आली, तेव्हा म्हातारा बिरोबाला नवस बोलला. पोरगं उठून बसलं, आणि हवालदारानं हात आखडता घेतला नाही. शिसवी लाकडाचा सांगाडा, वर लाल मखमल, कडेनं चांदीचा पत्रा ठोकलेला. उचलायचं तर दोन माणसं लागावीत. गाव बघतच राहिलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी गत होती, पण देवाच्या वस्तूला जड कोण म्हणणार? अर्जुनाचं लोकरीचं जुनं खोगीर उंदरांनी कुरतडलं होतंच. ते कुणी तरी उकिरड्यावर टाकून दिलं.

त्याच यात्रेत हरणी देवळाच्या पायरीशी आली आणि अशी उभी राहिली मागच्या पायांवर, की वर बसलेला बिरदेव, म्हणजे दगडाबाईचा पोरगा, आयाळीला लोंबकळला. "देव खेळला! बिरोबाच्या नावानं चांगभलं!" माणसं रडली. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. पुढल्या वर्षी घोडी पायरीपर्यंत थांबलीच नाही, शिवेवरच खेळायला लागली. लाथा झाडते काय, गरगरते काय! मोबाइलवर तिचे व्हिडिओ फिरले. मग आसपासच्या गावांची बोलावणी सुरू झाली. रविवार आला की बिरदेव घोडी सजवून निघाला. सैन्याच्या भरतीत दोनदा माघारी आलेलं, दुसऱ्याचा टेम्पो हाकणारं पोरगं ते. त्याला कोण विचारत होतं? आता लोक त्याच्या पायाला हात लावू लागले. देवाचा स्वार म्हणू लागले. दगडाबाईला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, आईच ती.

आणि मग पाठीवरची पावलं उमटली. खोगीर उतरवल्यावर मानेच्या मुळाशी, पाठीचं हाड वर येतं तिथं दोन्ही अंगांना पांढऱ्याशुभ्र केसांचे दोन ठिपके दिसले. तांबड्या अंगावर उठून दिसणारे. यात्रा कमिटीचा धनाजी हात जोडून म्हणाला, "देव बसतोय तितं पावलं उमटली, गड्याहो!" झालं. तेव्हापासून बायका येऊन त्या ठिपक्यांवर हळदीकुंकू वाहतात, आणि ते वाळून केसांत चिकटलं की धुवायचं कुणी? दगडाबाईनं.

आता ह्या गावाला काय म्हणावं! बैलाच्या मानेवर पांढरे केस दिसले तर इथलं शेंबडं पोरही सांगेल, जू घासलंय, खांदा आला होता म्हणून. त्यात काही विद्या लागत नाही. पण तेच केस देवाच्या घोडीच्या पाठीवर आले आणि सगळ्यांची अक्कल गहाण पडली. दगडाबाईचीसुद्धा पडली होती. तीही त्या ठिपक्यांना हात लावून तो हात कपाळाला लावत होती.

तिच्या ध्यानात आलं ते यंदा, यात्रेच्या तोंडावर. सकाळी खरारा करताना हरणीला नेहमी डुलकी लागायची. त्या दिवशी वाळलेलं कुंकू निघेना म्हणून दगडाबाईनं ठिपक्यावर अंगठा जरा दाबून चोळला. तशी घोडीची पाठ खाली गेली, ढिल्या बाजेवर माणूस बसल्यावर जाते तशी. कातडी थरथरली. हरणीनं मान वळवली आणि दगडाबाईचा दंड दातांत धरला. चावली नाही. नुसता धरला आणि सोडला.

मग दगडाबाईनं दुसऱ्या अंगाला दाबलं, तिथंही तेच. आणि तिथलं मांस! चार बोटं बसतील असे खळगे पडलेले. पाठीवर इतरत्र हात फिरवला तर काही नाही, घोडी गप.

त्यानंतर ती बघू लागली. बिरदेव घोडीला पाणी पाजायला कॅनॉलवर न्यायचा तेव्हा तिच्या उघड्या पाठीवर बसून जायचा, कधी कधी शेजारचं पोर पुढं घेऊन. घोडी शेळीसारखी चालायची. पण तोच बिरदेव खोगीर काढायला आत गेला आणि पत्र्याचा नुसता आवाज झाला, की तिचे कान मागं चिकटायचे. पोटाखालचा तंग ओढायला लागला की ती पोट फुगवायची, दात खायची, शेपूट आपटायची, पाय ठेवायच्या आधीच बाजूला सरकायची. रविवारी खेळून आल्यावर पाठीला हात लावला तर त्या दोन जागा तव्यासारख्या तापलेल्या. सगळं रोज डोळ्यांसमोर होतं. ते देवाचं म्हणून बघितलं होतं, घोडीचं म्हणून बघितलंच नव्हतं. मुकी बिचारी कुणीही हाका!

दगडाबाईनं बिरदेवला सांगितलं. तो टेम्पो धूत होता.

"बिरदेवा, घोडीची पाठ लागल्या. तिला दुकतंय. म्हनून उडती ती."

"आये, गप बस. देव खेळतोय ते दुकनं व्हय?"

"मग उघड्या पाठीवर का खेळत न्हाई? देव काय खोगिरातच ऱ्हातो व्हय रं?"

बिरदेवनं पाण्याची बादली आपटली. "हे भाईर कुटं बोलू नगंस. लोक जोड्यानं मारत्याल आपल्याला. माज्याकडं बघून तरी गप ऱ्हा की!"

ह्या शेवटच्या वाक्यावर दगडाबाई मागं फिरली. पोराचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? घोडीवर बसला तरच तो कुणी तरी होता, उतरला की टेम्पोचा ड्रायव्हर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली. तिचं वय साठीच्या पुढं. गुडघे बोलत होते. तिला खरोखर वाटलं की आपण काही बघितलंच नाही असं करावं आणि आडवं पडावं.

पण दुसऱ्या दिवशी तिनं घोडी सोडली आणि चालत जनावरांच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बोटांनी पाठ चाचपली आणि फिरवून बोलल्या नाहीत. खोगीर पुढच्या बाजूला अरुंद असणार, हाडाला चिमटा बसतो, वर माणसाचं वजन आलं की आत कळ जाते. बरं व्हायला वेळ लागेल, तोवर ह्या पाठीवर काही चढवू नका. मलम दिलं. दगडाबाईनं ते पदराच्या गाठीत बांधून आणलं आणि रस्ताभर ती हरणीशी एक शब्द बोलली नाही. तिला शरम वाटत होती.

यात्रेच्या आदल्या दुपारी आकाराम हवालदार आला, दरवर्षीसारखा. खोगिराचा पत्रा स्वतःच्या हातानं चिंचेनं घासायचा, असा त्याचा नेम. सत्तरीतला माणूस, पण पाठ ताठ. दगडाबाईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "आबा, खोगीर मागनं घासा. आदी हितं हात ठेवा."

आता ही गोष्ट गावात कुणाला फारशी ठाऊक नव्हती, की हवालदार पलटणीत बंदूक कमी आणि खेचरंच जास्त सांभाळून होता. डोंगरावर दारूगोळा वाहून नेणारी खेचरं. त्यानं ठिपक्यावर हात ठेवला, दाबला, घोडीची पाठ खाली गेलेली बघितली, आणि त्याचा चेहराच उतरला. दुसऱ्या अंगाला दाबलं. मग तो खोगिराजवळ गेला, ते उलटं केलं, आतल्या लाकडी कमानीत हाताची मूठ घालून बघितली. मूठ जाईना.

"आवं बाई," तो खाली बसत म्हणाला, "पलटनीत खेचरागनिक खोगीर येगळं असायचं. एकाचं दुसऱ्याला घातलं तर वरचा सायेब आमाला पनिशमेंट द्यायचा. आमी खोगिराखालचं घोंगडं रोज उलटं करून सुरकुती बगायचो. आन् हे मी..." त्यानं खोगिरावर हात आपटला. "मी घोडीचं मापच घेतलं न्हाई. देवाला द्यायचं म्हनून नुसतं झ्याक दिसतंय का तेवडं बघितलं. कारागिरानं नवरदेवाच्या घोड्याचं करत्यात तसलं केलं, मी चांदी ठोकून आनलं."

"तुमास्नी काय म्हाईत," दगडाबाई म्हणाली.

"मला म्हाईत असायला पायजे हुतं! मलाच म्हाईत असायला पायजे हुतं!" म्हातारा ओरडला आणि रडला. "माजा नातू बरा झाला आन् त्याचं दुकनं मी हिच्या पाठीवर घातलं की वो."

तसाच उठून तो धनाजीकडं गेला. दगडाबाईही गेली. देवळापुढं मांडव घालायचं काम चाललं होतं, कमिटीची माणसं होती. हवालदारानं हात जोडून सांगितलं, की माझं खोगीर मला परत द्या, दुसरं मऊ करून देतो, यंदा घोडी मोकळी चालवा. दगडाबाईनं डॉक्टरीण बाईंचं बोलणं सांगितलं. धनाजी वाईट माणूस नव्हे, तो ऐकून घेत होता. पण मग म्हणाला, "हवालदार, देवाला दिलेली वस्तू म्हागारी घ्यायची नसती. आन् खेचरं येगळी, देव येगळा. मावशी, तुमीबी कमाल करताय. डागदरनीला देव दिसतोय व्हय? आवं, एवड्या गावांची मानसं उद्या देव खेळताना बगायला येनार. त्यांला काय सांगू, पाठ दुकती म्हनून?"

सगळे हसले. एकजण मागून म्हणाला, "म्हातारीला लीद काढायचा कटाळा आला आसंल." तेही खरंच होतं. हवालदार मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. एवढा पलटणीतला गडी, पण देव म्हटल्यावर तोही तिथंच नमला.

दगडाबाई घरी आली आणि हरणीच्या पाठीला मलम लावत बसली.

आता तिची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण पुढचं तिच्यावाचून कळणार नाही. लग्न होऊन ती आगळवाडीत आली तेव्हा तिच्या ओटीपोटात कळा यायच्या. सांगायचं कुणाला? पाण्याच्या घागरी डोक्यावर आणि कोकरू काखेत घेऊन चालणारी सून, तिनं पोट दुखतं म्हणायचं असतं होय? तर एकदा देवळात ढोल वाजत असताना अशी कळ आली की ती किंचाळली आणि भुईवर गडबडा लोळली. सासूनं कपाळभर भंडारा लावला. "सुनंच्या अंगात देव आला!" म्हणाली. त्यानंतर बायका तिला प्रश्न विचारायला लागल्या. तिला ते आवडलंही, का नाही आवडणार? देव आला की ओरडायला मुभा होती. देव आला की कुणी घागर उचल म्हणत नव्हतं, उलट पाय धरत होतं. अशी किती तरी वर्षं गेली. शेवटी एकदा रक्त थांबेना तेव्हा अर्जुनानं बैलगाडी आणि मग रेल्वे करून तिला मिरजेला नेलं. पोटातून केवढा तरी गोळा निघाला. दोन लेकरं पोटात राहून गेली होती ती कशानं, तेही तिथंच कळलं. परत आली ती बरी होऊन, आणि ढोल वाजला तरी गप्प उभी राहायला लागली. सासू मरेपर्यंत म्हणत होती की दवाखान्यानं सुनंचा देव घालवला. दगडाबाईनं कधी वाद घातला नाही. तिनं फक्त ठरवलं होतं, की पुन्हा कधी असलं करायचं नाही. बिरोबावर तिची श्रद्धा होती. त्याच्या नावानं लबाडी नको, एवढंच.

यात्रेची सकाळ उजाडली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल कडाडत होते, कैताळ झणाणत होते. हरणीला झूल घातली, गोंडे बांधले, कपाळाला भंडारा लावला, तोवर ती उभी होती. मग दोघांनी ते खोगीर उचलून आणलं. पत्रा वाजला. हरणीचे कान मागं गेले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं, आणि लोकांतून आरोळी उठली, "आला, देव आला! आत्ताच आला!" शेकडो मोबाइल वर झाले. बिरदेवनं खोगीर पाठीवर ठेवलं. घोडीनं पाठ खाली सोडली. त्यानं तंग हातात घेतला, गुडघा पोटाला लावला आणि ओढायला जोर केला.

हरणी ओरडली नाही. घोडी ओरडतच नाही, तिथंच तर सगळा घोटाळा आहे. तिनं फक्त मान वळवून दगडाबाईकडं बघितलं.

आणि दगडाबाई किंचाळली.

अशी किंचाळली की ढोलवाल्याचा हात थांबला. तिनं डोक्यावरचा पदर टाकला, बुचडा सोडला, दोन्ही हात वर करून घुमायला लागली. सुरुवात तिनं मनानं केली, हे नक्की. पण एकदा आवाज फुटल्यावर तो तिच्याच्यानं आवरेना. सासूनं उचलायला लावलेल्या घागरी, पोटातच गेलेली लेकरं, अर्जुना, कालचं ते हसणं, सगळंच त्या आवाजात यायला लागलं. साठी ओलांडलेली बाई ती, आणि मेंढीच्या कोकरासारखी उड्या मारत होती.

"माज्या पाठीवरनं उतरा!" ती ओरडली. "पाठ सोलली माजी! कवापासनं सोसतोय मी! कुनी घातला ह्यो भार माज्यावर? कुनाला इचारून घातला?"

कुणी तरी म्हातारं माणूस पुटपुटलं, की अर्जुनाच्या बायकोत पूर्वी यायचाच की देव. धनाजी धावत पुढं आला आणि पालथा पडला. "देवा, चुकलं! पदरात घे! काय करू सांग!"

"खोगीर उतरा! माज्या देवळात ठेवा! मला चांदी नगं! घोडीवर घोंगडं टाका आन् मोकळी चालवा. पुन्ना हिच्या पाठीवर लाकूड चढवशीला तर माजं तोंड बगू नगा!"

बिरदेवच्या हातातून तंग कधीच सुटला होता. तो आईकडं बघत होता आणि त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आकाराम हवालदार पुढं आला. त्यानं ते खोगीर घोडीवरून ओढून काढलं, आणि दोन माणसांना जड जाणारं ते धूड ह्या सत्तरीच्या माणसानं एकट्यानं डोक्यावर घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही. घोडीच्या पुढं तो चालला, मान लटलट कापत होती, तरी देवळापर्यंत चालला.

हरणी शीव फिरली ती पाठीवर काळं घोंगडं घेऊन, लगाम धरून चालणाऱ्या बिरदेवच्या मागनं. खेळली नाही. लांबून आलेली माणसं हिरमुसली, मोबाइल खिशात गेले. पायरीशी आल्यावर तिनं एकदा फुरफुर केलं आणि मान झटकली. जुन्या माणसांनी हात जोडले. मूठ-मूठ भंडारा उधळून लोक जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाईला उठवेना. अंग ठेचल्यासारखं झालं होतं, घसा बसला होता. बिरदेव चहा घेऊन आत आला. एवढ्या वर्षांत त्यानं कधी चहा केला नव्हता.

"आये, खरं सांग. देव आलता का?"

दगडाबाईनं चहा घेतला. बाहेरून माणसांचा गलबला येत होता.

"भाईर कोन हाय?"

"बायका हायत. पार रस्त्यापतूर. तुज्या पाया पडायला." तो उंबऱ्यावर बसला. "मी घोडीची पाठ बघितली काल, घोंगडं काढल्यावर. दाबून बघितली." त्यानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "आता तू न्हाई म्हनालीस तर खोगीर परत येनार. धनाजी आन्ना सोडायचा न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"मग दर ऐतवारी बसावं लागंल तुला. यात्रंलाबी."

दगडाबाईनं कपाळाला हात लावला. जिवाला नुसता वीट आला होता. सगळी हयात राबण्यात गेली, आता म्हातारपणी कुठं जरा टेकावं, तर हे गळ्यात. बिरोबाची तिनं मनातल्या मनात माफी मागितली. म्हणाली, देवा, तुझं नाव मी घेतलं ते घोडीसाठी घेतलं, तुला पटत नसलं तर माझी जीभ झडू दे. जीभ झडली नाही. मग ती उठली, केस मोकळे सोडले आणि बाहेर येऊन घोंगड्यावर बसली.

पहिल्या बाईनं बोअरला पाणी लागेल का विचारलं. दुसरीनं लेकाच्या सोयरिकीचं विचारलं. दगडाबाई बसल्या घशानं काही तरी बोलत राहिली. तिसरी साळूबाई, खालच्या वस्तीवरची. तिनं आपल्या सुनेला दंडाला धरून पुढं आणलं. अपेक्षा नाव तिचं. अठरा-वीस वर्षांची, गालफडं बसलेली.

"देवा, हिचं तेवडं बगा," साळूबाई म्हणाली. "म्हैन्याच्या म्हैन्याला हिच्या अंगात कायतरी येतंय. वरडती, हातपाय झाडती, भुईवर लोळती. आमी कायबाय करून बघितलं. देव हाय का भूत हाय, तेवडं सांगा."

दगडाबाई पोरीकडं बघत राहिली. पोर खाली बघत होती. दगडाबाईनं हात पुढं केला आणि तिच्या ओटीपोटावर तळवा ठेवून हळूच दाबला. पोरीनं एकदम श्वास आत ओढला आणि दगडाबाईचं मनगट धरलं.

"हितं?" दगडाबाईनं हळू विचारलं.

पोरीनं मान हलवली. डोळ्यांतनं पाणी आलं.

"सासूला सांगितलंस?"

पोरीनं सासूकडं बघून पुन्हा मान खाली घातली. मागं बायकांची रेटारेटी चालली होती. साळूबाई हात जोडून उभी होती, देव काय म्हणतो त्याची वाट बघत. दगडाबाईच्या अंगात घुमायचं त्राण राहिलं नव्हतं. तरी तिनं डोळे मिटले, मान डोलवली आणि आदल्या दिवशीचा तो आवाज घशातून खरवडून काढला.

"देवाचा हुकूम हाय! हिला मिरजंला ने. दवाखान्यात. आजच्या आज!"

साळूबाई चपापली. मग तिनं घाईघाईनं डोकं टेकलं आणि पिशवी चाचपत म्हणाली, "व्हय देवा, नेती. पन आदी नारळ फोडती, ववाळती..."

"नारळ ऱ्हाऊ दे," दगडाबाई म्हणाली. "येस्टी गाठ."